पाटी वाचल्याशिवाय एसटीत बसता का?

अकोल्याच्या बस स्टँडवर कधी उभे राहिला असाल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. गाडी फलाटाला लागायच्या आधीच माणसं मान वर करून पाटी वाचतात. अमरावती. वाचून झालं तरी समाधान होत नाही. दारात पाय ठेवून कंडक्टरला पुन्हा विचारतात, "मूर्तिजापूरले थांबते ना भाऊ?" तो "हाव" म्हणाला की मगच आत जागा शोधायची. शंभरेक किलोमीटरच्या प्रवासासाठी आपण एवढी चौकशी करतो.

आता जरा आठवा. पहिलीपासून दहावीपर्यंत तुम्ही गणिताच्या किती तासांना बसलात? आणि त्यातल्या किती तासांना तुम्हाला आधी कुणी सांगितलं, की आज आपण कुठे चाललोय, पोचलो हे कशावरून ओळखायचं आणि तिथे जायचंच कशाला?

माझं उत्तर सांगते. मला एकही आठवत नाही. होऊ शकतं की सांगितलं असेल आणि मी शेवटच्या बाकावर वहीच्या मागच्या पानावर मेंदीची नक्षी काढत असेन. पण मैत्रिणींना विचारलं, त्यांनाही आठवत नाही. आमच्या तासाची सुरुवात ठरलेली होती : "पान नंबर काढा. सरावसंच. पहिलं उदाहरण." गाडी सुटलेली असायची, आम्ही आत असायचो आणि पाटी कुणीच वाचलेली नसायची.

कुणी न वाचलेली चौकट

माझी दहावी २०१८-१९ची. बालभारतीचं नवीन पुस्तक आलं, त्याची पहिली बॅच आमची. आधीच पोटात गोळा, त्यात पुस्तक नवीन, मागच्या वर्षीच्या ताईकडून जुन्या नोट्स मागायचीही सोय नाही. गणित भाग एकचा पहिलाच धडा 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. त्यात निश्चयक आला, क्रेमरची पद्धत आली. चार आकडे दोन उभ्या रेघांमध्ये लिहायचे, तिरपा गुणाकार करायचा, वजाबाकी करायची. मी ते पाठ केलं. कशासाठी करतोय हे मात्र परीक्षेपर्यंत कळलं नाही. मला वाटायचं आलेख हा वेगळा विषय, क्रेमर हा वेगळा आणि आधीच्या वर्षी शिकलेलं ते एक चल घालवणं हा तिसराच.

मार्चमध्ये पेपर झाला. पास झाले, काठावर. त्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला होता, आधीच्या वर्षी तो ८९.४१ होता. त्यामुळे घरी 'पास झाली ना' यावर भागलं. पण मी मनातल्या मनात एक निर्णय घेऊन टाकला, की जिथे गणित असेल तिथे मी नसेन. सायन्सचा फॉर्म आणला होता, तो भरलाच नाही. शेतकी कॉलेजला जायचं माझ्या डोक्यात होतं; कृषी विद्यापीठ गावातच, लहानपणापासून तिथली शिवारफेरी बघितलेली. तेही सोडून दिलं. आज मास कॉम करतेय, आवडतंय, तक्रार नाही. पण तो निर्णय मी मला काय जमतं हे बघून घेतला नव्हता, भीतीपोटी घेतला होता. ही गोष्ट मला खूप उशिरा कळली.

कशी कळली, ते सांगते. गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी त्यांच्या दहावीतल्या मुलाला रविवारी माझ्याकडे पाठवलं, मराठी शिकायला. त्याच्या दप्तरातून गणिताचं पुस्तक बाहेर पडलं. तेच पुस्तक, तोच पहिला धडा. सहज चाळलं, तर धड्याच्या नावाखाली एक छोटी चौकट, वर लिहिलेलं : 'चला, शिकूया'. खाली या धड्यात काय काय शिकायचं त्याची यादी. प्रत्येक धड्याला तशी चौकट. म्हणजे पाटी होती! पुस्तकावर छापलेली होती. वर्षभर ती माझ्या डोळ्यांसमोर होती. आमच्या वर्गात ती कधी वाचली गेली नाही आणि मी माझ्या मनानं वाचावी एवढं मला सुचलं नाही.

कचोरी आणि चहा

तुम्हीही क्रेमरपाशीच गणिताला रामराम ठोकला असेल, तर दोन मिनिटं द्या.

शेगावला उतरलात. दोन कचोऱ्या आणि एक चहा घेतला, पन्नास रुपये झाले. शेजारच्यानं एक कचोरी आणि एक चहा घेतला, त्याचे तीस. कचोरी कितीची, चहा कितीचा? तुम्ही लगेच म्हणाल, पहिल्यातून दुसरं वजा करा. चहा कटला, कचोरी वीसची. म्हणजे चहा दहाचा. ही झाली एक चल घालवायची रीत.

आता हीच दोन वाक्यं आलेखाच्या कागदावर दोन रेषा म्हणून काढली, तर त्या एकाच ठिकाणी छेदतात : कचोरी २०, चहा १०. आणि तो निश्चयक? पहिल्या वाक्यातले आकडे २ आणि १, दुसऱ्यातले १ आणि १. तिरपा गुणाकार, वजाबाकी : २ × १ − १ × १, उत्तर १. कचोरीसाठी ५० × १ − १ × ३०, म्हणजे २०. चहासाठी २ × ३० − ५० × १, म्हणजे १०. दोघांनाही १ ने भागा. पुन्हा तेच, वीस आणि दहा.

तीन रस्ते, गाव एकच. गॅब्रिएल क्रेमर नावाच्या स्विस गणितज्ञानं १७५० मध्ये ही रीत छापली, ती समीकरणं वाढली तरी ठरावीक साच्यात उत्तर काढता यावं म्हणून. 'या तिन्ही रीतींनी एकच उत्तर काढायचं आणि कुठे कोणती सोयीची ते ओळखायचं', एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी कानावर पडलं असतं, तर माझे निदान चार महिने वाचले असते. पुढचं बोलत नाही.

टाचणातलं हेतुकथन

ही गोष्ट मी अमरावतीला मावसबहिणीला सांगितली. ती डी.एल.एड. करतेय, म्हणजे जुन्या भाषेत डी.एड. ती हसली आणि तिनं तिचं पाठ टाचण माझ्यासमोर ठेवलं. बघा, म्हणाली. उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे. मग प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ.

हेतुकथन! म्हणजे तासाच्या सुरुवातीला आज काय शिकायचं ते मुलांना सांगणं. तुमच्या घरात कुणी जुने मास्तर किंवा बाई असतील, तर त्यांना हा शब्द विचारून बघा. झोपेतून उठवलं तरी सांगतील. हर्बार्ट नावाचा एक जर्मन तत्त्वज्ञ (१७७६ ते १८४१) आणि त्याचे शिष्य यांनी धडा शिकवायच्या पायऱ्या बांधल्या. त्या पायऱ्या आपल्याकडच्या शिक्षक प्रशिक्षणात रुजल्या आणि टाचणात आजही टिकून आहेत. म्हणजे धड्याआधी ध्येय सांगा, ही परदेशातून काल आलेली नवी फॅशन नाही. आपल्या मास्तरांच्या वहीत ती पूर्वापार आहे.

मग वर्गात का दिसत नाही? मावसबहिणीचं उत्तर सरळ होतं : "टाचण तपासाले येणाऱ्या सरांसाठी असते. पोरायसाठी कोण लिहिते?"

आणि जिथे हेतुकथन होतं, तिथेही ते बऱ्याचदा असं असतं : "आज आपण लसावि शिकणार आहोत." झालं. सहावीतल्या मुलाला लसावि म्हणजे काय हेच माहीत नाही, तर ते शिकणार आहोत हे ऐकून त्याला काय कळलं? हे म्हणजे पाटीवर गावाचं नाव एखाद्या अनोळखी लिपीत लिहिण्यासारखं. विषयाचं नाव सांगणं वेगळं आणि तास संपल्यावर मला काय करता आलं पाहिजे हे सांगणं वेगळं. सगळी गोम इथेच आहे.

"आज मले काय आलं पाहिजे?"

हा फरक मला अमरावती जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत बघायला मिळाला. सहावीचा वर्ग, तोच लसावि. मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट आखली होती. वर लिहिलं होतं : 'आज मले काय आलं पाहिजे?' हो, 'मले'. पुस्तकी मराठीत नाही, पोरांच्या भाषेत.

त्यांनी लसावि हा शब्द उच्चारलाच नाही. म्हणाल्या, "एक एसटी दर बारा मिनिटांनी सुटते, दुसरी दर अठरा मिनिटांनी. सकाळी आठला दोन्ही एकदम सुटल्या. पुन्हा एकदम केव्हा सुटतील? आज तास संपला की अशी गणितं तुम्हाला सोडवता आली पाहिजेत, आणि तेच उत्तर काऊन आलं हे शेजारच्याला सांगता आलं पाहिजे." बस, हे दुसरं वाक्य चौकटीत गेलं.

पोरं कामाला लागली. कुणी बारा अधिक अठरा, तीस मिनिटं म्हणालं. एकजण गुणाकार करून २१६ घेऊन आला. मॅडमनी त्याला चूक म्हटलं नाही. "२१६ मिनिटांनी एकत्र येतील का?" येतील. "मग त्याच्या आधी कधीच नाही येणार?" आता दोन्ही गाड्यांच्या वेळा खाली खाली मांडल्या गेल्या. १२, २४, ३६. १८, ३६. आठ वाजून छत्तीस मिनिटं! मग मॅडमनी सांगितलं, की या ३६ला लघुतम साधारण विभाज्य म्हणतात. त्यातल्या 'लघुतम' या शब्दाला आता अर्थ होता. २१६ही साधारण विभाज्यच होता, पण सगळ्यात लहान नव्हता.

शेवटची पाच मिनिटं पुन्हा त्या चौकटीकडे. "आलं का?" हात वर. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गणित आलं मॅडम, पण काऊन ते सांगता नाही येत." माझ्यासाठी त्या तासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे होतं. तिला काय येतं आणि काय येत नाही, हे तिचं तिला नेमकं सांगता आलं. दहावीत मला कुणी विचारलं असतं की काय अडलंय, तर मी म्हणाले असते, "गणित." सगळंच.

शिक्षणशास्त्रात यावर बरंच काम झालंय. ऑस्ट्रेलियातले रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये मांडलं, की शिकणाऱ्याला तीन गोष्टी कळल्याशिवाय सुधारणा होत नाही : कुठे पोचायचंय, आत्ता कुठे आहे आणि मधलं अंतर कसं कापायचं. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये हाच धागा पुढे नेला. आपल्या भाषेत सांगायचं तर अमरावती-अकोला रस्ता आठवा. जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज बुकात विक्रम झाला. किती करायचं, किती झालं आणि किती उरलं, हे रोज माहीत असल्याशिवाय असं काम होईल का? मग पोरांना का माहीत नसावं?

सरकारी कागद आणि कोरकू पोरगी

कागदावर आपण मागे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि इयत्तावार, विषयवार अध्ययन निष्पत्ती आल्या. बालभारतीच्या पुस्तकांत त्यांची यादी क्रमांकासह छापलेली दिसते. गणिताचा क्रमांक ७१. जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं. पहिलीच्या मुलाला ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, दुसरीला ९९९, तिसरीला ९९९९. इतकं स्पष्ट ध्येय क्वचितच कुठल्या सरकारी कागदात सापडेल.

पण ही यादी कुणाच्या भाषेत आहे? 'विद्यार्थी अमुक करतात, तमुक पडताळतात.' म्हणजे विद्यार्थ्याबद्दल बोलणं चाललंय, विद्यार्थ्याशी नाही. आणि अमरावती जिल्ह्यातल्या धारणी-चिखलदऱ्याचा विचार करा. मेळघाटातल्या कितीतरी घरांत कोरकू बोलतात. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली वेगळीच भाषा आहे. त्या पोरीला पुस्तकी मराठीतली निष्पत्ती वाचून दाखवली, तर आपण तिला ध्येय सांगितलं असं म्हणायचं का? फळ्यावर 'मले' लिहिणाऱ्या मॅडमचं मोल इथे कळतं.

ध्येय फक्त मुलांनाच सांगायला हवं असंही नाही. २०१९चा तो वाद आठवतो? बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन दिलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विनोद, मीम्स, विधानसभेपर्यंत चर्चा. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी पुन्हा पुन्हा समजावलं, की लहान मुलांना दशक-एकक कळणं सोपं जावं, जोडाक्षरांचा अडथळा दूर व्हावा, हा उद्देश आहे. ती पद्धत पटो न पटो. पण भांडताना किती जणांनी आधी 'हे कशासाठी आहे' असं विचारलं? मोठी माणसंही पाटी न वाचताच चढली होती.

सस्पेन्स फुटतो का?

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. अकोल्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या सरांना मी हे सगळं उत्साहानं सांगितलं, तर ते म्हणाले, "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे मी पहिल्याच मिनिटाला फळ्यावर लिहिलं, तर पोरं शोधतील काय? पिक्चरचा शेवट आधी सांगून टाकायचा का?"

मुद्दा बिनतोड आहे. त्यांच्या वर्गात पोरं कागदाचा त्रिकोण कापतात, तिन्ही कोपरे फाडतात आणि टोकाला टोक लावून एका रेषेत बसवतात. प्रत्येकाचा त्रिकोण वेगळा, तरी सगळ्यांची रेष सरळ. तो चकित होण्याचा क्षण हिरावून घेऊ नये, हे मलाही पटलं. आणि ध्येय फळ्यावर लिहून सगळ्यांना वहीत उतरवून घ्यायला लावलं, तर पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेतली पाच मिनिटं नक्कल करण्यातच जातात. नुसत्या उपचाराच्या या पद्धतीवर पुढे विल्यम यांनीही टीका केलीच आहे.

पण ध्येय सांगणं म्हणजे उत्तर सांगणं नाही. सरांनाच विचारलं, तुम्ही तास सुरू कसा करता? म्हणाले, "सांगतो, की आज सगळ्या त्रिकोणांचं एक गुपित शोधायचं आणि तास संपायच्या आत मले पटवून द्यायचं." मग सर, हेच तर हेतुकथन झालं! ते हसले.

आपल्याकडचं कीर्तन आठवा. बुवा सुरुवातीलाच अभंग घेतात. आज कशावर निरूपण आहे ते पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या गावाला कळतं. म्हणून कुणी उठून जातं का? आपल्या शेंडगावचे गाडगेबाबा तर लोकांनाच प्रश्न विचारायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. कुठे जायचं ते माहीत असतं, कसे पोचतो त्यात रस असतो.

आता तुमचं काय?

तुम्ही म्हणाल, आमची दहावी कधीच झाली. ठीक आहे. पण कुणी सीईटी देतंय, कुणी पोलीस भरतीचं गणित घोकतंय, कुणी एमपीएससीच्या नादात अभ्यासिकेत बसतंय. निम्मं अकोला क्लासला जातं आणि उरलेलं निम्मं शिकवतं, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात. तर तीन साध्या गोष्टी करून बघा.

एक, धडा उघडला की आधी ध्येयाची चौकट वाचा आणि त्यातल्या प्रत्येक ओळीचा प्रश्न करा. 'शतमान' असं लिहिलं असेल, तर 'सेलमध्ये वीस टक्के सूट मिळाल्यावर मूळ किंमत मला काढता येईल का?'

दोन, अभ्यास संपला की शेवटची दोन मिनिटं त्याच प्रश्नाला द्या. उत्तर हो, नाही किंवा 'येतं पण का ते सांगता येत नाही'. तिसरं उत्तर आलं, तर उद्याचा अभ्यास ठरला.

तीन, वर्गात हात वर करा आणि विचारा, "सर, आज शेवटी आम्हाला काय आलं पाहिजे?" उद्धटपणा वाटू देऊ नका. कंडक्टरला 'मूर्तिजापूरला थांबते का' विचारताना तो वाटतो का?

आणि तुम्ही स्वतः ट्युशन घेत असाल, तर 'पान नंबर काढा'च्या आधी फक्त एक वाक्य बोला. त्यांच्या भाषेत.

माझ्याकडे येणारा तो शेजारचा पोरगा आता रविवारी मराठीसोबत गणितही घेऊन येतो. शिकवणारी मी, म्हणजे देवच पाठीशी हवा. पण त्या पहिल्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून 'चला, शिकूया'ची चौकट मोठ्यानं वाचली, कचोरी-चहाचं गणित तीन प्रकारे करायचं ठरवलं. त्यानं पेन्सिल उचलली, थांबला आणि म्हणाला, "मंग ताई, तिन्ही रस्त्यानं उत्तर एकच येते काय?"

पहिलं उदाहरण सोडवायच्या आधी त्यानं हा प्रश्न विचारला. मला तो सुचायला सहा वर्षं लागली. मी म्हटलं, "करून पाहू ना."